दवाखान्यातला भोंगा रुग्णाशी कधी बोलणार?

सरकारी दवाखान्यात भोंगा असतो, पण तो तोंड उघडतो ते हुकूम सोडायला. नातेवाईकांनी वॉर्डाबाहेर जावे. थुंकू नये. अमुक नंबरची गाडी गेटमधून हलवावी. आठ-आठ, दहा-दहा दिवस खाटेवर पडलेल्या माणसासाठी त्या भोंग्यातून एक वाक्य येत नाही. आम्ही परिचारिका म्हणून बरीच वर्षे वॉर्डात काढली, आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. या पानावर आज एक मागणी मांडतो आहोत. आपल्या दवाखान्यांत रुग्णांसाठी रेडिओ सुरू व्हावा, तो स्वयंसेवकांनी चालवावा, आणि त्यासाठी आपल्या वस्तीतल्या लोकांनी पुढे यावे.

"गोळ्या बाहेरून आणाव्या लागतात, रात्री साठ खाटांना एक सिस्टर, आणि तुम्हाला रेडिओ सुचतो?" असे कोणी विचारेल. विचारणे रास्त आहे. गोळ्यांसाठी आणि रिकाम्या पदांसाठीचे भांडण आम्ही सोडलेले नाही, सोडणारही नाही. पण गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाशेजारी धर्मशाळा उभी केली, तेव्हा दवाखान्यात औषधाचा तुटवडा नव्हता म्हणून केली, असे थोडेच आहे? रुग्णासोबत आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नाही, हे त्यांना दिसले. आम्हाला दिसते ते हे की, खाटेवरच्या माणसाशी दिवसभरात कोणी धड बोलत नाही.

दवाखान्याचा रेडिओ म्हणजे आकाशवाणी लावून ठेवणे नव्हे. दवाखान्यातल्याच एका खोलीत माईक, तिथून तारेने वॉर्डावॉर्डात छोटे स्पीकर किंवा खाटेशेजारी कानाला लावायचे हेडफोन, आणि बोलणारे लोक गावातले, बिनपगारी. इंग्लंडात यॉर्क शहराच्या रुग्णालयात १९२५-२६ च्या सुमारास हे सुरू झाले. २०० खाटांशेजारी हेडफोन आणि ७० भोंगे बसवले होते. सामन्यांचे धावते वर्णन आणि चर्चमधली प्रार्थना ऐकवली जाई. पुढे तिकडे शेकडो रुग्णालयांत असे रेडिओ निघाले. ते चालवणारे कोण? दिवसभर आपली नोकरी करून संध्याकाळी येणारे साधे लोक. त्यांची एक रीत आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. कार्यक्रमाआधी स्वयंसेवक वही घेऊन वॉर्डात फिरतात आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारतात, तुमच्यासाठी काय लावू? आपल्याकडे आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचे आणि लोक पोस्टकार्डावर फर्माईश लिहून पाठवायचे. झुमरी तलैया हे गाव तर निव्वळ फर्माईशींमुळे देशभर माहीत झाले. आपले नाव हवेतून ऐकू यावे ही हौस गरिबालाही असते. खाटेवरच्याला जरा जास्तच असते.

ढाणकीच्या माणसाचा दवाखान्याचा रस्ता आपल्याला पाठ आहे. आधी गावातले आरोग्य केंद्र, मग उमरखेड. तिथून चिठ्ठी मिळाली की पुसद, यवतमाळ, नाहीतर पैनगंगा ओलांडून नांदेड. गाव मागे पडत जाते तसतसा माणूस मुका होत जातो. गावच्या केंद्रात सिस्टर ओळखीची असते, आशाताई शेजारच्या गल्लीतली असते. जिल्ह्याच्या ठिकाणी तोच माणूस 'सतरा नंबर' होतो. तांड्यावरून आलेली बाई घरात गोरमाटी बोलते. डॉक्टर मराठीत विचारतात, आपसांत इंग्रजीत बोलतात, आणि ती दोन्हींकडे पाहत राहते. आमच्या वस्तीतली म्हातारी वऱ्हाडी बोलली की शिकाऊ पोरे गालात हसतात. ते तिला कळते. मग ती बोलतच नाही.

या मुकेपणाची किंमत काय, ते वॉर्डात काम केलेल्या कोणालाही विचारा. ते 'डामा' हा शब्द सांगतील. डॉक्टरांचा सल्ला न मानता, कागदावर अंगठा उठवून रुग्ण घरी निघून जातो, त्याला दवाखान्यात 'डामा घेतला' म्हणतात. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. का घेतला ते कोणी लिहीत नाही. आम्ही खाटेपाशी बसून विचारत आलो आहोत. कापूस वेचायचा राहिला, घरी लेकरे एकटी, जवळचे पैसे संपले, ही कारणे तर असतातच. पण त्यांच्या आधी बहुतेक वेळा एक वाक्य येते: "सुट्टी कवा देतेत ते कोणी सांगतच नाही वो बाई." चार दिवसांनी तपासणीचा अहवाल येणार, तोवर थांबायचे आहे, एवढे जरी कळले असते तरी त्यातले काही जण थांबले असते. वस्तीत परत आलेल्या, जखम चिघळलेल्या माणसाला पुन्हा जीपमध्ये घालून न्यायची वेळ आली की आम्हाला हे वाक्य आठवते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या खोलीत होणाऱ्या गोंगाटावर अख्खे प्रकरण लिहिले. त्यात मोठ्या आवाजापेक्षा त्या चिडतात त्या कुजबुजीवर. रुग्णाच्या दाराशी, त्याला अर्धवट ऐकू येईल असे हळू बोलणे ही क्रूरता आहे, असे त्यांचे म्हणणे. कारण रुग्ण कान ताणतो, आपल्याबद्दलच चालले आहे असे धरून चालतो आणि घाबरतो. आपल्या वॉर्डातला सकाळचा राऊंड आठवून पाहा. खाटेभोवती दहा जण उभे असतात, बोलणे सगळे आपसांत.

आता रेडिओ या दुखण्यावर काय करणार? डॉक्टरांच्या तोंडचे बोलणे तो करू शकत नाही. कोणाचा अहवाल काय आला हे त्याने सांगायचेही नाही. पण वॉर्डातल्या सगळ्यांना लागू असणाऱ्या, आणि तरीही कोणालाच न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कितीतरी आहेत. समजा संध्याकाळी साडेपाच वाजता स्पीकरमधून आवाज आला:

"नमस्कार. बाहेर पाऊस थांबलाय, उन्ह पडलंय. ज्या बहिणींची बाळंतपणं झाली त्यांना सांगायचं आहे की, इथलं जेवण फुकट आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझर झालं तर सात दिवस. घरी जायला १०२ नंबरची गाडीही फुकट, ड्रायव्हरला पैसे देऊ नका. उद्या सकाळी ज्यांची सोनोग्राफी आहे त्यांनी चहा प्यायचा की नाही ते आज रात्रीच सिस्टरना विचारून ठेवा. आता ऐका जात्यावरच्या ओव्या. म्हणणाऱ्या आजी याच दवाखान्यात उपचार घेताहेत."

हे काही मोठे निवेदन नाही. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे, आणि आजही बाळंतिणीला घरी न्यायला नवरा उसने पैसे घेऊन गाडी ठरवताना दिसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची, त्यांना तो निर्णय लागू नव्हता. उमरखेडात एक नियम आणि यवतमाळात दुसरा, हा फरक खाटेवरच्या माणसाला कोण सांगणार? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली, त्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे. कुठे कुठे तिचा फलक भिंतीवर लागलेला दिसतो, बारीक अक्षरात. ज्याला वाचता येत नाही, ज्याला उठता येत नाही, त्याच्यासाठी तो फलक म्हणजे नुसती भिंतच. फलक वाचून दाखवणारा आवाज पाहिजे. एका दिवशी एक हक्क, साध्या बोलीत, उदाहरण देऊन. सतरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून, कारण तोवर वॉर्डातली माणसे बदललेली असतात.

गाण्याविषयीही बोलू. तो नुसता विरंगुळा आहे, असे समजण्याचे कारण नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकवलेल्या रुग्णांना वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामक औषधही कमी लागले. मुक्काम मात्र त्याने कमी झाला नाही, हेही त्यातच लिहिले आहे. म्हणजे गाणे जखम भरत नाही, जखम घेऊन काढायची रात्र थोडी सोपी करते. आमच्या विदर्भात सिकलसेलची लेकरे वेदनेच्या झटक्यात भरती होतात. हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आहे, त्यामुळे वस्तीत असे एखादे तरी घर असतेच. सलाईन लावलेले दहा-बारा वर्षांचे पोर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले असते आणि आई त्याचे पाय चोळत असते. इंजेक्शनचा असर यायला वेळ लागतो. ती मधली वीस-पंचवीस मिनिटे कशी काढायची? गोष्ट सांगणारा एक आवाज त्या पोराचे लक्ष थोडे तरी दुसरीकडे नेईल. हे आम्ही वॉर्डात गोष्टी सांगून पाहिलेले आहे. पण एका सिस्टरला साठ खाटांवर ते रोज जमत नाही.

दिवसातला सगळ्यात जड वेळ म्हणजे संध्याकाळ. राऊंड झालेला, भेटायला आलेले शेवटच्या एसटीने परतलेले, जेवण यायचे आहे, दिवे लागले आहेत. ताप चढतो तो याच वेळी, रडू येते तेही याच वेळी. कोविडच्या वॉर्डात नातेवाईकांना बंदी होती. तिथे तर हा एकटेपणा आम्ही प्लास्टिकच्या पोशाखातून पाहिला. तेव्हा कोणी खिडकीबाहेरून नावाने हाक मारली तरी माणूस उठून बसायचा.

यावर हमखास येणारे उत्तर आहे की, आता प्रत्येकाकडे मोबाईल आहे. प्रत्येकाकडे? वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे असतो का? घरात एकच फोन असतो आणि तो बाहेर औषधांसाठी धावणाऱ्या मुलाकडे असतो. ज्यांच्याकडे आहे ते आपापल्या खाटेवर मोठ्याने रील लावतात, शेजारच्याला त्याचा त्रास. मोबाईलवर जगाचे सगळे मिळेल, पण 'आपल्या वॉर्डात आज काय' ते मिळत नाही. आणि मोबाईल खाटेपाशी येऊन विचारत नाही. इंग्लंडातही मोबाईल आणि दूरचित्रवाणी आल्यावर दवाखान्यांचे बरेच रेडिओ बंद पडले. जे टिकले, त्यांच्याकडे अजूनही वही घेऊन फिरणारे लोक आहेत.

तुरुंगाचे उदाहरण घ्या. पुण्याच्या येरवडा कारागृहात अंतर्गत रेडिओ चालला, निवेदक बंदीच. संजय दत्त शिक्षा भोगत असताना तिथे निवेदन करत असे, ते स्वतः त्याने सांगितले आहे. शिक्षा भोगणाऱ्याच्या मनाला आवाजाची गरज आहे हे शासनाला पटले. चांगलेच झाले, आम्हाला त्याचा हेवा नाही. मग गुन्हा नसताना खाटेला खिळलेल्याने काय केले? अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या मनोरुग्णालयातून १९९१ पासून 'ला कोलिफाता' नावाचा रेडिओ चालतो. तिथे बोलणारे स्वतः रुग्णच. ज्यांचे बोलणे वेडेपणा म्हणून घरच्यांनीही ऐकायचे सोडले होते, त्यांना शहर ऐकू लागले. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ पासून गावातल्या बाया माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ चालवतात. तो दवाखान्याचा नाही. पण ज्यांनी कधी माईक हातात धरला नव्हता त्यांच्याच बोलीत रोजचे प्रक्षेपण होऊ शकते, एवढे त्यावरून दिसते.

एक आक्षेप मात्र आम्ही परिचारिका म्हणूनच घेतो, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. दवाखान्यात शांतता हवी. कायद्याने रुग्णालयाभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. आपल्या पोरांना आम्ही स्पष्टच सांगतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे आणि वॉर्डातला स्पीकर यांत काहीही साम्य असता कामा नये. दुखणाऱ्या डोक्याला नको असलेले गाणे म्हणजे मारच. म्हणून एक मोठा भोंगा अजिबात नको. प्रत्येक वॉर्डात लहान स्पीकर, त्याचे बटण सिस्टरच्या टेबलापाशी, आणि बंद करायचा अधिकार तिचा. अतिदक्षता कक्ष, जळीत वॉर्ड आणि प्रसूतीची खोली यांत तार नेऊच नये. वेळ एकच तास, राऊंड आणि जेवण यांच्या मधला. रात्री काही नाही. पैसे जमले तर हेडफोन सगळ्यांत चांगले, पण ते एका कानावरून दुसऱ्या कानावर जाताना स्पिरिटने पुसले पाहिजेत. ते कोण पुसणार हे आधी ठरवा, नंतर विकत आणा.

आवाजाइतकीच काळजी नावाची. फर्माईश सांगताना आजार उच्चारायचा नाही, खाटेचा नंबर नाही, गाव विचारून मगच. क्षयरोगाच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचे नुसते नाव ऐकूनही कोणीतरी गावी जाऊन भलतेच सांगते. आणि आडनाव तर नकोच. आपल्याकडे आडनाव ऐकले की शेजारच्या खाटेवरचा माणूस जात काढतो, मग पाण्याच्या बाटलीपर्यंत गोष्ट जाते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. 'यमुनाबाईंसाठी', 'सलीमभाईंसाठी', बस. पण नुसते 'यमुने' नको. बाई, भाऊ, आजी, काका म्हणायचे. 'ए सतरा नंबर' ऐकून थकलेल्या कानांना एवढा मान औषधासारखा लागतो.

गाणी सगळ्यांची वाजली पाहिजेत. आपल्या वस्त्यांत गायनपार्ट्या आहेत, भीमगीते तोंडपाठ असणारी पोरे आहेत, आणि पहिल्या दिवशी सगळी तीच लावावीत असा उत्साह येणार. आवरा. वॉर्डात बंजारा आहे, आंध आदिवासी आहे, मुसलमान आहे, पाटलाच्या वाड्यावरचाही आहे. ज्याने जे मागितले ते. कोणी अभंग मागितला तर अभंग. सिनेमातली गाणी जाहीरपणे वाजवताना हक्कांचा प्रश्न येतो, म्हणूनही जिवंत आवाजावर भर ठेवावा: ओव्या, लेंगीगीते, कोडी, शाळेतल्या मुलांनी वाचलेले धडे. नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाबा-बुवांचे तोडगे, खाजगी दवाखान्याची जाहिरात यांना त्या तासात जागा नाही. यातले शेवटचे सगळ्यांत आधी येईल, पैसे घेऊन येईल. सावध राहा.

सामान फारसे लागत नाही. एक अँप्लिफायर, माईक, वायर, चार-सहा लहान स्पीकर. लग्नात साऊंड जोडणारे पोर आपल्या प्रत्येक वस्तीत आहे, त्याला हे अर्ध्या दिवसाचे काम. हवेतून लहरी सोडायचा एफएम म्हटला तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नये. तारेवरून चालवायचे तर दवाखान्याच्या अधीक्षकांची लेखी मंजुरी घ्यावी. आपल्याकडे आरोग्य केंद्रापासून वरच्या दवाखान्यांपर्यंत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत हा विषय लेखी द्यावा. समितीत कोण कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? निदान या निमित्ताने ते विचारा. आणि समितीचा कोणी म्हणाला की रेडिओ देतो, सिस्टरचे पद पुढच्या वर्षी पाहू, तर तिथेच नाही म्हणा.

आमची सूचना अशी की, पहिला महिना स्पीकर आणूच नका. ढाणकीच्या केंद्रात मोजक्याच खाटा, म्हणून सुरुवात उमरखेडच्या दवाखान्यातून करावी. विहारात रविवारी जमणाऱ्यांपैकी चौघांनी, दोन बाया आणि दोन पुरुष, आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जावे. अधीक्षकांना आणि सिस्टरना सांगून, हात धुऊन, नाकातोंडाला मास्क लावून. प्रत्येक खाटेपाशी दोनच प्रश्न विचारायचे: तुम्हाला काय ऐकावेसे वाटते, आणि इथले काय तुम्हाला कळलेले नाही? उत्तर वहीत लिहायचे, नाव लिहायचे नाही. ज्याला बोलायचे नसेल त्याला नमस्कार करून पुढे जायचे. ज्या संध्याकाळी एकाच खाटेपाशी अर्धा तास गेला, त्या संध्याकाळी बाकीच्या राहिल्या तरी चालतील. महिनाभराने ती वही समितीपुढे ठेवायची आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मोठ्याने वाचून दाखवायची.